वाक्याच्या शेवटचा 'नका'

"बाजा त तुमी भल्ला लावला, भाऊ. पन वारा तोंडावर असला त फवारा म्हनलं का फवारू नोका म्हनलं, थे काई समजलं नाई."

2018 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या एका गावात, पारावर बसलेल्या एका काकांनी मला हे ऐकवलं. फवारणी करताना काय काळजी घ्यायची यावर मी तीन मिनिटांचा ध्वनिसंदेश तयार केला होता. त्यावर आठ रात्री घालवल्या होत्या. आवाजाला खर्ज चढवला, मागे बासरी, बासरीच्या मागे संथ ठेका, सुरुवातीला पावसाची रिपरिप. हेडफोन लावून ऐकलं की थेट रेडिओ. आणि काकांना त्यातला जो एक शब्द हवा होता, तोच बासरीखाली दबला होता.

आदल्या वर्षी, 2017 च्या हंगामात, याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले होते. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले होते. कापसाची पऱ्हाटी त्या साली डोक्याइतकी वाढली होती आणि औषध सरळ तोंडावर येत होतं. डब्यावरच्या सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत. लाल, पिवळा, निळा, हिरवा असे जे रंग डब्यावर असतात ते विषाची तीव्रता सांगतात, हे रोजीने पंप पाठीवर घेणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. अशा ठिकाणी कागदापेक्षा आवाज जास्त कामाचा, हे आम्हा मित्रांना पटलं होतं. आवाज भारदस्त करणं वेगळं आणि कामाचा करणं वेगळं, हे मात्र काकांनी तोंडावर सांगेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

घरी येऊन ती फाइल पुन्हा उघडली. बोलणाऱ्याचा आवाज आला की पार्श्वसंगीत आपोआप खाली जातं आणि बोलणं थांबलं की वर येतं, अशी सोय आता कुठल्याही मोफत अ‍ॅपमध्ये मिळते. मी तीच वापरली होती. यंत्राला बोलणं थांबलं हे कळतं कशावरून? आवाजाची पातळी खाली गेली यावरून. आता मराठी वाक्य पाहा. 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नका.' श्वास सुरुवातीला भरलेला असतो, 'वाऱ्याच्या' दणक्यात येतं, 'फवारणी' बरं येतं, आणि 'नका' येईपर्यंत छातीतली हवा संपत आलेली असते. माझ्या पडद्यावर 'वाऱ्याच्या' आणि 'नका' यांच्यात दहा-बारा डेसिबलचा फरक दिसत होता. यंत्राने 'करू'पाशीच ठरवलं की बोलणाऱ्याचं बोलून झालं. त्याने बासरी वर आणली, बरोबर 'नका'वर.

इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशी असतो, भरल्या श्वासात. हिंदीतही तो क्रियापदाच्या आधी येतो. शेवट गिळला तरी 'मत' हाती लागतो. मराठीत नकार सगळ्यात शेवटी. 'करू नका', 'मिळणार नाही', 'घेऊ नये'. अख्ख्या वाक्याचा अर्थ उलटा करणारा शब्द आपण सगळ्यात अशक्त जागी ठेवतो. समोरासमोर बोलताना अडत नाही, कारण मान हलते, हात हलतो. ध्वनिमुद्रणात ना मान असते ना हात. आवाज कसा मिसळावा याचे जे तयार धडे आणि तयार साचे आपण डोळे मिटून वापरतो, ते बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांनी इंग्रजी वाक्यांवर बसवलेले आहेत. ते आपल्या वाक्याची शेपटी कापतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण संहिता आपणच लिहिलेली असते. आपल्या कानाला तो शब्द न येताही ऐकू येतो.

म्हणून मला 'प्रोफेशनल साउंड' या शब्दाशीच भांडायचं आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ सजावट असा झाला आहे. यवतमाळच्या बाजारातून सेलची जाहिरात करत फिरणारा ऑटो ऐका: प्रत्येक शब्दाला 'इको' लावलेला असतो, 'भव्य' हा शब्द चार वेळा घुमून विरतो, आणि दुकानाचा पत्ता त्या घुमण्यात बुडतो. मोठ्या शहरातला पॉडकास्टवाला इको लावत नाही, तो खर्ज लावतो. भानगड एकच. माझ्या मते रेडिओचा आवाज म्हणून जे काही घडत गेलं ते ऐकणाऱ्याच्या हातातल्या फालतू यंत्राला सांभाळून घेण्यातून घडलं. पुढे त्या सांभाळून घेण्याचीच ऐट झाली, आणि कशासाठी केलं ते मागे पडलं.

मुंबईचं रेडिओ केंद्र 1927 मध्ये सुरू झालं, आमच्या विदर्भाला नागपूरचं केंद्र 1948 मध्ये मिळालं. या केंद्रांच्या मध्यम लहरींवरून जेमतेम चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज पोचायचा, त्यातही खरखर. 'स' आणि 'श' यांतला फरक अर्धा वाटेतच गळायचा. 1956 मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं, प्रत्येक गावात माणसं एका सेटभोवती बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. एक सेट, एक स्पीकर, भोवती पंधरा-वीस माणसं, बाहेर बैलांच्या घंटा. त्या सेटवर पोचायचं तर काय करावं लागतं? सावकाश बोलावं लागतं, शब्दांचे शेवट सांभाळावे लागतात, संगीत आणि बोलणं एकमेकांवर चढू द्यायचं नाही. निवेदकाची ती जपून बोलण्याची ढब पुढे आपल्याला भारदस्त वाटू लागली.

मुंबई केंद्राच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेत प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी असत. एकाच स्पीकरमधून तीन माणसं बोलत आणि कधी कोण बोलतंय असा घोळ होत नसे. डावीकडे-उजवीकडे आवाज पसरवण्याची सोय नव्हतीच. तीन आवाजांची जातच इतकी वेगळी की कानाला धडपड करावी लागत नव्हती. त्या मालिकेचं अर्धं मिक्सिंग नटांची निवड झाली तेव्हाच झालेलं होतं, असं मी म्हणेन. अमीन सायानी 1952 पासून रेडिओ सिलोनच्या लघुलहरींवरून गीतमाला सादर करत. लहर येई-जाई, आवाज दर मिनिटाला बुडे आणि वर येई. त्यांचा आवाज खर्जातला होता असं मला कधी वाटलं नाही. तो मधल्या पट्टीतला, हसरा, शब्दाची कड न सोडणारा. खर्जाच्या भरवशावर ते राहिले असते तर समुद्र ओलांडून इथवर काय पोचलं असतं?

आज सेट बदलला आहे, अडचण तीच. आमच्या जिल्ह्यात संदेश ऐकला जातो तो मोबाइलच्या बाजूला असलेल्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरवर. मोबाइल बंडीच्या खिशात, माणूस बांधावर, शेजारी पाण्याची मोटर. या स्पीकरला साधारण तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं धड वाजवताच येत नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. म्हणजे मी आठ रात्री बसून शंभर हर्ट्झपाशी जो खर्ज फुगवला, तो त्या स्पीकरच्या दारातच अडला. नुसता अडता तरी चाललं असतं. पण फाइलीत आवाजाची जी एकूण जागा असते, त्यातली बरीच या ऐकू न येणाऱ्या खर्जाने खाल्ली, आणि बाकीचा आवाज तेवढा बारीक झाला. गंमत अशी की मूळ स्वर कापला तरी मेंदू वरच्या स्वरांवरून तो मनानेच भरून काढतो. जुना टेलिफोन तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढंच पाठवायचा, तरी आपण वडिलांचा आवाज 'हॅलो'वर ओळखायचो. शब्द कळायला लागतात ती व्यंजनं, आणि त्यांची धार बहुतेक दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये असते. 'सात' आणि 'साठ' घ्या. 'पंपाला सात मिली' आणि 'पंपाला साठ मिली' यांत फरक एका व्यंजनाचा, तोही शब्दाच्या टोकाला, मुख्यतः जीभ दाताला लागली की टाळूला लागली याचा. ती कड बोथट झाली तर औषध साडेआठपट होतं. मी आता आकडा दोनदा सांगायला लावतो, दुसऱ्यांदा 'सहा दहा, साठ' असा.

माझं म्हणणं तंत्राच्या विरोधात नाही. उलट, तंत्र नीट समजलं की ते मराठीच्याच कामाचं निघतं. कॉम्प्रेसर नावाचं जे साधन आहे ते मोठा आवाज दाबतं. तीनास एक या प्रमाणात लावला तर ठरवलेल्या रेषेच्या वर गेलेल्या तीन डेसिबलचा एकच शिल्लक राहतो. मग सगळंच सारखं वर उचललं की 'वाऱ्याच्या' आणि 'नका' यांतली दरी बुजते. बहुतेक जण कॉम्प्रेसर आवाज 'जाड' करायला लावतात. माझ्या दृष्टीने मराठीत त्याचं पहिलं काम वाक्याची शेपटी वर उचलणं हे आहे. मात्र तो फार लवकर झडप घालणारा नसावा, नाहीतर 'ट', 'ठ', 'क' यांचा पहिला फटकाच चिरडतो. आणि नॉइज गेट, म्हणजे आवाज एका पातळीखाली गेला की दार बंद करणारं यंत्र, ते मराठी बोलण्यावर मी लावतच नाही. ते दार नेहमी 'नका'च्या नाकावर आपटतं.

कॉम्प्रेसरची एक खोड आहे. तो 'नका' वर उचलतो तसा पंखाही वर उचलतो, कूलरही, आणि भिंतीवरून परत आलेला घुमाराही. म्हणजे सगळं येऊन थांबतं खोलीपाशी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा कूलर बंद करा म्हणणं म्हणजे बोलणाऱ्याला शिक्षाच. आम्ही पहाटे पाचला मुद्रण करतो. लाइट गेलेली असली तर त्याहून बरं; महावितरणने दिलेली शांतता कुठल्या स्टुडिओत मिळत नाही.

घुमाऱ्याचा किस्सा जरा सविस्तर सांगायला हवा. सिमेंटच्या खोलीत बोललं की आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कुणीतरी सांगितलं, अंड्यांचे ट्रे लावा. लावले. खोली पोल्ट्रीसारखी दिसू लागली, घुमारा जागच्या जागी. पुठ्ठ्याने आवाज फारतर थोडा विखुरतो, शोषला जात नाही. आवाज शोषायला लागतात तंतू: हवा त्यांच्यातून हलते, घासते, आणि आवाजाची शक्ती किंचितशा उष्णतेत जिरते. तंतूंचा थर जाड हवा. शंभर हर्ट्झची लहर तीन मीटर चाळीस सेंटिमीटर लांब असते. ती नीट धरायची तर तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे पाऊण मीटरहून जास्त थर लागतो. दोन इंची फोम विकणारे हे सांगत नाहीत. दोन इंचांनी वरचे स्वर मरतात, खालचे तसेच घुमत राहतात, आणि आवाज ओल्या घोंगडीखालून आल्यासारखा होतो.

मग एका जानेवारीत आर्णीकडे नात्यातल्या एका घरी गेलो होतो. भाव पडलेला, म्हणून त्यांनी कापूस विकला नव्हता. आतली खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, दारापाशी फक्त उभं राहण्याइतकी जागा. मावशी तिथून मला काहीतरी विचारत होत्या आणि मी दचकलो. त्यांच्या आवाजाला मागे काही नव्हतंच. भिंत नाही, छत नाही. नुसती मावशी. एवढा कोरडा, एवढा जवळचा आवाज मी कुठल्याही स्टुडिओत ऐकला नव्हता. पाऊण मीटर कशाला, तिथे तीन तीन मीटर तंतू होता. मी तिथेच फोन काढला आणि त्यांच्याकडून संदेश वाचून घेतला. 'भ' आणि 'फ'ची फुंकर माइकवर आदळू नये म्हणून फोन तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर. एवढ्यावर काम झालं. ते मुद्रण स्वच्छ करायला खालची घरघर काढण्यापलीकडे मला काही करावं लागलं नाही. साठवलेल्या कापसातल्या किड्यांमुळे दोघांच्याही अंगाला दोन दिवस खाज सुटली होती, हेही नोंदवून ठेवतो. ज्या जिल्ह्याला न विकलेल्या कापसाने इतकं रडवलं, तिथे त्याच कापसाने ही खोली द्यावी, याला काय म्हणावं मला कळत नाही.

आता समोरच्या बाजूचा मुद्दा. लोक म्हणतात, भारदस्त आवाजावर विश्वास बसतो. घरगुती आवाजात, वऱ्हाडीत सांगितलं तर कोण गंभीरपणे घेईल? हा मुद्दा वरवरचा नाही. गुळगुळीत, संगीताने मढवलेला आवाज ऐकला की त्यामागे कुणीतरी संस्था आहे, खर्च आहे, तपासणारा माणूस आहे, असं आपण धरून चालायचो, आणि ते बऱ्याच अंशी खरंही असायचं, कारण स्टुडिओ महाग होता. आता तो गुळगुळीतपणा एका बटणावर फुकट मिळतो. यंत्राने बनवलेला, श्वासच न घेणारा निवेदक कुठल्याही अफवेला मिळतो. दहावीतल्या पोरालाही जमतं ते आता कशाचाच पुरावा राहिलेलं नाही. याउलट, 2019 च्या जानेवारीत यवतमाळला भरलेल्या 92 व्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. ते भाषण मोबाइलवर कुठल्या कुठे गेलं. त्या आवाजाला खर्ज चढवायला हवा होता असं त्या दिवसांत मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

वऱ्हाडीबद्दल तर मी हट्टीच आहे. इथे 'डोळा'चा 'डोया' होतो, 'काळा'चा 'काया', 'पाणी'चं 'पानी'. निवेदनाच्या शाळेत हे दोष म्हणून काढतात. यवतमाळचे कवी शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' सादर करायचे तेव्हा याच उच्चारांवर सभागृहं धरून ठेवायचे. पण माझा मुद्दा अस्मितेचा कमी, कानाचा जास्त आहे. मोटरीच्या आवाजात, अर्धं वाक्य हुकलं असताना, माणूस उरलेलं अंदाजाने भरून काढतो. हा अंदाज आपल्या रोजच्या बोलीत पटकन लागतो, परक्या बोलीत अडखळतो. म्हणून 'करू नोका' हे आमच्याकडे नुसतं आपलं वाटतं म्हणून ठेवायचं नाही. ते गोंगाटात जास्त टिकतं म्हणूनही ठेवायचं.

इथेच आवाज 'स्वच्छ' करणाऱ्या नव्या अ‍ॅपांशी माझं फाटतं. जुनी साधनं आवाजातला काही भाग कापायची. ही नवी त्याहून पुढे जाऊन आवाज स्वतःच नव्याने रचतात, त्यांनी आधी ऐकलेल्या हजारो तासांच्या बोलण्यावरून. झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, एका आजींचं बोलणं मुद्रित केलं होतं, थोडं मराठी, थोडं कोलामी. वारा फार होता म्हणून एका अ‍ॅपमधून काढलं. वारा गेला. आजीही गेल्या. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा; त्या अ‍ॅपच्या हजारो तासांत ती कितीशी असणार? जिथे त्याला शब्द ओळखू आला नाही तिथे त्याने आपल्या पदरचा, शब्दासारखा वाटणारा गुळगुळीत आवाज घातला. ऐकायला सुंदर, अर्थ शून्य. आजींच्या नातवाला ऐकवलं तर तो म्हणाला, "हे कोन बोलून राह्यलं?" मी मूळ मुद्रण, वाऱ्यासकट, जपून ठेवलं आहे. वाऱ्यातून आजी निदान सापडतात.

फवारणीचा संदेश मी पुढे चार वेळा नव्याने केला. आवाज कापसाच्या खोलीतला, मावशींचा. ऐंशी हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. तीन हजारांपाशी किंचित उठाव. एकूण पातळी पॉडकास्टवाले धरतात तशी उणे सोळा एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप) यांच्या आसपास, म्हणजे आधीच्या गाण्यानंतर हा संदेश लागला तर कुणाला आवाज वाढवावा लागू नये. बासरी फक्त सुरुवातीला सहा सेकंद. मावशी बोलायला लागल्या की ती पूर्ण बंद. शेवटची तपासणी मी स्वयंपाकघरात करतो. जुना फोन स्टीलच्या डब्यावर ठेवायचा, बायकोने मिक्सर लावायचा (खरा, चटणीचा), आणि आपण दारात उभं राहून फक्त वाक्यांचे शेवट मोजायचे. चौदा 'नका' आहेत. चौदाच्या चौदा आले तर फाइल पाठवायची.

पुढच्या पावसाळ्यात त्या काकांकडे मुद्दाम गेलो. फोन त्यांनी कानाला लावला नाही, बंडीच्या खिशातच ठेवून संदेश ऐकला. सगळा ऐकला.

"हाव, समजलं. वारा पाठीवर घ्याचा, तोंडावर असला त फवारू नोका." मग थोडं थांबून म्हणाले, "पन बाजा काहून काढला जी? बरा होता थो."